इंटरनेटची नोंदवही आता यंत्रच लिहितं, पण पुसण्याचा अधिकार कोणाकडे असावा?

अहमदनगर जिल्ह्याचं अधिकृत नाव ऑक्टोबर २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. पाट्या बदलल्या, लेटरहेड बदलली. पण शहराचा पिन कोड ४१४००१ तोच राहिला आणि गाड्यांवरचं एमएच-१६ही तेच राहिलं. म्हणजे नाव बदललं, नंबर तसाच राहिला.

इंटरनेटवर नेमकं उलटं घडतं. तिथे नाव तेच राहतं, त्यामागचा नंबर मात्र बदलत राहतो. आणि ही नोंद बदलण्याचं काम आता माणसांऐवजी सॉफ्टवेअर करू लागलंय. याचा फायदा काय आणि धोका काय, समजून घेऊया.

डीएनएस म्हणजे काय?

तुम्ही ब्राउझरमध्ये वेबसाइटचं नाव टाकता, पण कॉम्प्युटरला नाव कळत नाही. त्याला आयपी ॲड्रेस नावाचा नंबर लागतो. कोणत्या नावामागे कोणता नंबर, हे सांगणारी नोंदवही म्हणजे डीएनएस. आपल्या मोबाइलमधली कॉन्टॅक्ट लिस्ट असते तशीच.

अशी नोंदवही फक्त मोठ्या कंपन्यांकडे असते असं नाही. ऑफिस, कॉलेज किंवा कारखान्यातला राउटरही आपल्या अंतर्गत नेटवर्कसाठी ती ठेवू शकतो.

मग ऑटोमेशन कशाला?

समजा, नागापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यानं हजेरी, स्टॉक आणि कॅमेऱ्यांची सॉफ्टवेअर स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवली आहेत. आजकाल अशी सॉफ्टवेअर कंटेनरमध्ये चालवतात. कंटेनर म्हणजे एका ॲपला लागणारं सगळं सामान भरलेला डबा. हा डबा कोणत्याही सर्व्हरवर ठेवला तरी चालतो. असे अनेक डबे अनेक सर्व्हरवर मिळून सांभाळणारी व्यवस्था म्हणजे क्लस्टर. त्यासाठी सर्वाधिक वापरलं जाणारं सॉफ्टवेअर म्हणजे कुबरनेटिस. गूगलनं ते २०१४ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं.

क्लस्टरच्या आत कोण कुठे आहे, हे कुबरनेटिसला माहीत असतं. पण बाहेरच्या राउटरला त्याचा पत्ता नसतो. नवं ॲप सुरू झालं किंवा जुन्याचा नंबर बदलला, की कोणीतरी राउटरमध्ये लॉगिन करून नोंद बदलायची. ते राहून गेलं, तर ॲप चालू असूनही कामगारांच्या स्क्रीनवर 'साइट सापडत नाही' असंच दिसणार.

हे काम 'एक्स्टर्नल डीएनएस' नावाचं मोफत सॉफ्टवेअर करतं. ते क्लस्टरवर नजर ठेवतं आणि बदल दिसला की राउटरला कळवून नोंद दुरुस्त करतं. लॅटव्हियाच्या मायक्रोटिक कंपनीच्या राउटरसाठीही अशी जोडणी उपलब्ध आहे.

यात धोका काय?

२० ऑक्टोबर २०२५. महाराष्ट्रात नरक चतुर्दशी होती. दुपारी १२ नंतर स्नॅपचॅट, सिग्नल, कॅनव्हा, ड्युओलिंगो अशा कितीतरी सेवा जगभर अडखळल्या. कारण होतं ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेचं अमेरिकेतलं व्हर्जिनियामधलं केंद्र.

तिथे डीएनएसच्या नोंदी लिहिणारे सॉफ्टवेअरचे एकसारखे कारकून स्वतंत्रपणे काम करत होते. त्यातला एक मागे पडला. दुसऱ्यानं नवी यादी लावली आणि जुन्या याद्या पुसायला घेतल्या. तेवढ्यात मागे पडलेल्या कारकुनानं नव्या यादीवर आपली जुनी यादी चढवली. दुसऱ्यानं ती जुनी म्हणून पुसली. परिणामी डायनॅमोडीबी या डेटाबेसच्या नावापुढे एकही नंबर उरला नाही.

डेटाबेस तर चालूच होता, पण त्याच्यापर्यंत कोणी पोहोचू शकत नव्हतं. ती नोंद माणसांना हाताने दुरुस्त करावी लागली. डीएनएस सुमारे अडीच तासांत सावरलं, तरी बाकीच्या सेवा पूर्ववत व्हायला आपल्याकडची मध्यरात्र उलटली. त्यानंतर ॲमेझॉननं ते ऑटोमेशन जगभर बंद ठेवलं.

छोट्या नेटवर्कनं काय काळजी घ्यावी?

लहान ठिकाणी धोका थोडा वेगळा असतो. मायक्रोटिक राउटरमध्ये 'फक्त डीएनएस बदल' असा वेगळा अधिकार देता येत नाही. लिहिण्याचा अधिकार दिला, की ते खातं फायरवॉलही बदलू शकतं. म्हणजे क्लस्टरमध्ये ठेवलेला तो एक पासवर्ड चोरीला गेला, तर घराची किल्लीच चोराच्या हातात.

त्यासाठी चार गोष्टी करता येतात:

• पुसण्याचा अधिकार देऊ नका. एक्स्टर्नल डीएनएसमध्ये 'अपसर्ट-ओन्ली' असा पर्याय आहे. त्यात नोंदी वाढतात आणि बदलतात, पण पुसल्या जात नाहीत. जुन्या नोंदी अधूनमधून माणसानं साफ कराव्यात.

• मालकीची खूण ठेवा. हे सॉफ्टवेअर स्वतः केलेल्या नोंदीशेजारी खूण लिहून ठेवू शकतं. त्यामुळे माणसानं हाताने केलेल्या नोंदींना ते हात लावत नाही.

• लॉगिनवर बंधन घाला. ते खातं फक्त क्लस्टरच्याच आयपी ॲड्रेसवरून उघडेल अशी सोय राउटरमध्ये असते.

• शक्य असेल तर वही वेगळी ठेवा. क्लस्टरच्या नावांसाठी छोटा स्वतंत्र डीएनएस सर्व्हर चालवा आणि राउटरला फक्त 'ही नावं तिकडे विचार' एवढंच सांगा. मग राउटरचा पासवर्ड क्लस्टरमध्ये ठेवायची गरजच उरत नाही.

थोडक्यात काय?

अहिल्यानगर नावाची घोषणा चौंडीत ३१ मे २०२३ रोजी झाली. राज्य मंत्रिमंडळाची मंजुरी मार्च २०२४ मध्ये आली. त्यानंतर केंद्राची संमती आणि ऑक्टोबरमध्ये अधिसूचना. एक नाव बदलायला १६ महिने आणि कितीतरी सह्या लागल्या. वेळ गेला, पण प्रत्येक टप्प्यावर थांबवायला कोणीतरी होतं.

सॉफ्टवेअर हेच काम काही सेकंदांत आणि एकाही सहीशिवाय करतं. त्या वेगात चूक थांबवायला माणूस पोहोचू शकत नाही. त्यामुळे काय लिहायचं, काय पुसायचं आणि कशाला हातच लावायचा नाही, हे ऑटोमेशन सुरू करण्याआधीच ठरवावं लागतं.