धान कधी विकावे? थांबण्याची ताकद कुणाकडे, हाच खरा प्रश्न



या पानांवर महागाई भत्ता, बोनस, पेन्शन आणि खाजगीकरण यांची चर्चा नेहमी होते, आणि ती झालीच पाहिजे. परंतु रेल्वे व टपाल कामगारांपैकी अनेकांचा एक पाय आजही शेतात आहे, याचा आपल्या संघटनांना विसर पडतो. ट्रॅकवर काम करणारा कामगार असो, पॉइंट्समन असो की पोस्टमन, गावी दोन-चार एकर जमीन असते, भाऊ ती कसतो आणि सुगी आली की विचारतो, "दादा, माल आता काढू की थांबू?" ग्रामीण डाकसेवकाची गोष्ट तर आणखी वेगळी. खाते त्याला दिवसाला चार-पाच तासांचे काम देते आणि उपजीविकेचे दुसरे साधन असले पाहिजे, अशी अटही घालते. खेड्यात ते दुसरे साधन म्हणजे बहुधा शेतीच. तेव्हा धान्य कधी विकावे, हा प्रश्न आपल्याच घरातला आहे.

या प्रश्नाला सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. कोणी म्हणतो, सुगीला विकू नका, भाव पडलेला असतो. कोणी म्हणतो, हाती येईल तो पैसा आपला. दोघांचेही म्हणणे असे की, शेतकरी हुशार असेल तर कमावतो आणि नसेल तर गमावतो. माझे मत वेगळे आहे. विक्रीचा दिवस शेतकऱ्याच्या हुशारीवर ठरत नाही. ज्याला थांबता येते आणि ज्याला थांबता येत नाही, त्यांच्यातील ताकदीवर तो ठरतो. कारखान्यातही असेच असते. मालक सहा महिने थांबू शकतो, मजूर सहा दिवसही थांबू शकत नाही. म्हणून एकट्या मजुराला मालक म्हणेल ती मजुरी घ्यावी लागते. संघटना त्यासाठीच जन्माला आली.

उतईचे उदाहरण

भिलाईच्या पोलाद कारखान्यापासून थोड्याच अंतरावर, दुर्ग जिल्ह्यात उतई आहे. आजूबाजूला सगळा धानाचा मुलूख. या पट्ट्यात रेल्वे, टपाल आणि कारखान्यातील मराठी कुटुंबे कित्येक वर्षांपासून स्थायिक आहेत. इथला शेतकरी खरिपाचे धान कधी विकायचे याची फारशी चिंता करीत नाही, कारण भाव आधीच माहीत असतो. २०२३ च्या निवडणुकीत क्विंटलला ३,१०० रुपये आणि एकरी २१ क्विंटलपर्यंत खरेदी असे वचन दिले गेले आणि त्याप्रमाणे खरेदी सुरू झाली. २०२४-२५ च्या हंगामात केंद्राचा हमीभाव साधारण धानाला २,३०० रुपये होता. वरचा फरक राज्याने दिला. त्या हंगामात १४ नोव्हेंबर ते ३१ जानेवारी या काळात छत्तीसगडमध्ये सुमारे २५ लाख शेतकऱ्यांकडून १४९ लाख टन धान खरेदी झाले. २१ क्विंटलचे ६५,१०० रुपये होतात. ज्याला ही रक्कम आधीच ठाऊक आहे, त्याला बाजारातील अफवा ऐकत बसावे लागत नाही.

अर्थात तिथे सगळे सुरळीत आहे असे नाही. टोकन लवकर मिळत नाही, ओलावा १७ टक्क्यांच्या वर निघाला की माल परत जातो, सोसायटीतून उचल वेळेवर होत नाही. लवकर येणारे वाण ऑक्टोबरमध्ये खळ्यावर येते आणि केंद्र उघडते नोव्हेंबरच्या मध्यावर. मध्ये दिवाळी असते, मजुरी द्यायची असते, दुकानदाराची उधारी असते. अशा वेळी लहान शेतकरी गावातल्या व्यापाऱ्याकडे, ज्याला इकडे कोचिया म्हणतात त्याच्याकडे, पडेल भावाने चार पोती घालतो. रेगहा किंवा अधियाने दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याच्या नावावर सातबारासारखा कागद नसतो, म्हणून नोंदणी होणे कठीण. हमीभाव जाहीर असूनही थांबण्याची ताकद नसलेला माणूस त्याच्या बाहेरच राहतो.

दुसरी गोष्ट अशी की ही खरेदी खरिपाच्या धानापुरती आहे. तोच शेतकरी उन्हाळी धान किंवा बांधीत पेरलेली लाखोळी विकायला निघाला की बाजाराच्या तोंडी सापडतो. नोव्हेंबरात निर्धास्त असलेला माणूस मे महिन्यात भावाची चौकशी करीत फिरतो. माणूस तोच, अक्कलही तीच. बदलले ते एवढेच की, नोव्हेंबरात त्याच्या पाठीशी खात्रीचा भाव होता आणि मे महिन्यात तो नाही.

एकच लोहमार्ग, दोन भाव

दुर्गहून नागपूरकडे निघालेली गाडी राजनांदगाव, डोंगरगड ओलांडून आमगाव, गोंदियाला पोहोचते. दोन्ही बाजूंना धानाच्याच बांध्या. परंतु राज्य बदलले की भाव बदलतो. महाराष्ट्रात पणन महासंघ आणि आदिवासी विकास महामंडळ केंद्राच्या हमीभावाने खरेदी करतात आणि राज्य वरून बोनस देते. तो २०२४-२५ साठी हेक्टरी २०,००० रुपये, तोही दोन हेक्टरपर्यंत होता. म्हणजे एकरी सुमारे ८,००० रुपये. त्याच हंगामात छत्तीसगडमध्ये हमीभावावरचा फरक क्विंटलला ८०० रुपये, म्हणजे २१ क्विंटलला १६,८०० रुपये होता. मग सीमेवरून धान चोरून नेले जाते आणि हंगामात दरवर्षी तपासणी नाकी बसवावी लागतात, यात नवल ते काय?

शिवाय उतईचा भावही कायमचा नाही. तो निवडणुकीच्या वचनावर उभा आहे. केंद्रीय साठ्यात घेतले जाते त्यापेक्षा जास्त धान राज्याने खरेदी केले, तेव्हा २०२५ मध्ये शिल्लक धान लिलावात काढण्याची पाळी आली. वचन देणारे बदलू शकतात आणि तिजोरी आटू शकते. कायद्याने मिळालेला हक्क मात्र असा एका रात्रीत जात नाही. आपला महागाई भत्ता आणि निवडणुकीपूर्वीची एखादी घोषणा यांतला फरक आपल्याला चांगला कळतो.

थांबलेल्यांचे काय झाले?

जिथे अशी खरेदी नाही, तिथली हकिकत सोयाबीनची पाहावी. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीनने क्विंटलला १०,००० रुपये ओलांडले. त्याच महिन्यात केंद्राने १२ लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली आणि नवा माल येता येता भाव जवळजवळ निम्म्यावर आला. पुढे काही महिन्यांनी तो पुन्हा चढला. जे थांबले त्यांना फायदा झाला. त्यावरून धडा घेऊन पुढच्या वर्षी लोकांनी माल घरात ठेवला, आणि २०२३ मध्ये भाव उतरत गेला. २०२४ मध्ये तर सोयाबीन हमीभावाच्याही खाली विकले गेले. कापसाचेही तेच. २०२२ मध्ये दहा हजारांवर गेलेला कापूस पुन्हा तिथे जाईल म्हणून विदर्भात घराघरांत गंजी लागल्या, आणि तो सात हजारांच्या आसपास विकावा लागला.

गेल्या वर्षीचे शहाणपण यंदा उपयोगी पडले नाही, कारण भाव हलवणारे हात शेतकऱ्याच्या नजरेपलीकडे होते. ब्राझीलचे पीक, खाद्यतेलावरील आयातशुल्क, एखाद्या रात्री निघालेली अधिसूचना. १३ मे २०२२ रोजी गव्हाची निर्यात बंद झाली, २० जुलै २०२३ रोजी बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची, ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची. यांतली कोणती तारीख शेतकऱ्याला आधी कळणार होती?

थांबण्याचा खर्च मांडा

तरीही निर्णय घ्यावाच लागतो, म्हणून सभासदांसाठी एक साधा हिशेब देतो. भाव काय होईल हे कोणी सांगू शकत नाही. पण थांबायला किती खर्च येतो हे कागदावर मांडता येते. समजा, २० क्विंटल हरभरा आहे आणि आजचा भाव ५,००० रुपये. माल एक लाखाचा. घरात ७५,००० रुपयांची नड आहे. ती सावकाराकडून महिना शेकडा तीनने भागवली तर तीन महिन्यांचे व्याज ६,७५० रुपये. सुकून आणि कीड लागून दोन टक्के घट धरली तर २,००० रुपये. पोती, हमाली, ने-आण यांचे १,००० रुपये धरा. एकूण ९,७५० रुपये. म्हणजे तीन महिन्यांनी भाव क्विंटलला जवळजवळ ४९० रुपयांनी वाढला, तरच बरोबरी होते. तिथपर्यंत नफा नाहीच.

आता तेच धान्य बाजार समितीत तारण ठेवा. महाराष्ट्राच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, १८० दिवसांची मुदत आणि वर्षाला सहा टक्के व्याज. ७५,००० रुपयांवर तीन महिन्यांचे व्याज १,१२५ रुपये. घट आणि हमाली तीच धरली तरी एकूण ४,१२५ रुपये, म्हणजे क्विंटलला सुमारे २०६ रुपये. शेतकरी तोच, हरभराही तोच. पण एकाला भाव ४९० रुपयांनी वाढावा लागतो आणि दुसऱ्याला २०६ रुपयांनी. ताकद म्हणतात ती हीच. मात्र ही योजना सगळ्याच बाजार समित्या राबवीत नाहीत, आणि जिथे राबवतात तिथेही अनेकांना तिची माहिती नसते. आपल्या शाखांनी एवढी माहिती जरी गावोगाव पोचवली तरी मोठे काम होईल.

बाकी नियम जुन्या माणसांचेच आहेत. खाण्याचे आणि बियाण्याचे आधी बाजूला काढा. जास्त व्याजाचे देणे असेल तेवढा माल लगेच विकून ते फेडा. उरलेला एकदम न विकता दोन-तीन हिश्शांनी विका. सगळा माल सर्वांत वरच्या भावाला जाणार नाही, पण सगळाच खालच्या भावालाही जाणार नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगणे भाग आहे. पगारदार माणसाला दरमहा पैसा मिळतो, म्हणून तो गावात थांबू शकणारा माणूस असतो. त्या बळावर सुगीत शेजाऱ्याचा माल पडेल भावाने घेऊन साठवायचा आणि पुढे नफा काढायचा, असा व्यवहार आपल्यातलेही काहीजण करतात. लाल बावट्याखाली घोषणा द्यायच्या आणि गावात छोटा सावकार व्हायचे, हे संघटनेच्या माणसाला शोभत नाही.

स्वस्ताई कुणाच्या नावाने?

काही बंधू विचारतील की, धान्याला जास्त भाव मिळाला तर आपल्याच घरी महाग तांदूळ येणार, मग आपण का बोलावे? प्रश्न रास्त आहे. निर्यातबंदी होते तेव्हा सरकार सांगते की हे मध्यमवर्गासाठी, पगारदारांसाठी आहे. म्हणजे शेतकऱ्याचे नुकसान आपल्या नावाने केले जाते. पण आपला महागाई भत्ता कशावर ठरतो? औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावर. देशभरातील ८८ केंद्रांतून त्याचे भाव गोळा केले जातात आणि भिलाई हे त्यांतलेच एक केंद्र आहे. २०१६ पायावरील मालिकेत त्यात खाद्यपदार्थांचा वाटा ३९ टक्के आहे. शेतमालाचा भाव दाबला की निर्देशांक दबतो, आणि निर्देशांक दबला की आपला भत्ताही दबतो. थोडक्यात, ही स्वस्ताई आपल्याला फुकट मिळत नाही. उलट भाव चढले तर जानेवारी-जुलैला उशिरा का होईना, भत्त्यातून काही भरपाई मिळते. शेतकऱ्याला खत, डिझेल आणि मजुरी वाढल्याचा कोणताही भत्ता मिळत नाही.

धान्याचा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रेल्वेने कामगारांसाठी धान्य दुकाने उघडली होती. ८ मे १९७४ रोजी जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपाच्या मागण्यांतही खात्यामार्फत सवलतीच्या दराने धान्य मिळावे, ही मागणी होती. रास्त भावाने खरेदी आणि सवलतीने वाटप या एकाच मागणीच्या दोन बाजू आहेत.

टपाल सेवेतून आलेले शरद जोशी यांनी शेतकरी संघटना उभारून बाजार खुला करण्याची मागणी केली. सरकारचा हस्तक्षेप नेहमी भाव पाडण्याकडेच झुकतो, हे त्यांचे निदान वरच्या तारखा पाहता खोटे म्हणता येत नाही. परंतु बाजार नुसता खुला झाल्याने दिवाळीच्या तोंडावर पैशाची नड असलेला माणूस थांबू शकत नाही. २००४ नंतर भरती झालेल्या आपल्या सहकाऱ्यांनी नव्या पेन्शन योजनेत हाच अनुभव घेतला. निवृत्तीच्या दिवशी बाजार कुठे असेल त्यावर म्हातारपणाची कमाई ठरावी, याविरुद्ध आपण लढलो. मग शेतकऱ्याची वर्षाची कमाई सुगीच्या दिवशीच्या बाजारावर का सोडावी?

याच भिलाईत २८ सप्टेंबर १९९१ रोजी शंकर गुहा नियोगी यांची हत्या झाली. त्यांच्या संघटनेचा झेंडा लाल आणि हिरवा होता, लाल कामगारांचा आणि हिरवा शेतकऱ्यांचा. हे दोन रंग एकत्र ठेवण्याचे काम आपल्याला पुढे न्यायचे आहे.

म्हणून प्रत्येक शाखेने पुढील मागण्यांचा ठराव करावा, असे माझे आवाहन आहे: हमीभावाला कायद्याचे संरक्षण मिळावे, खरेदी केंद्रे पीक खळ्यावर येण्यापूर्वी उघडावीत, कसणाऱ्याच्या नावाने नोंदणी व्हावी, तारण योजना प्रत्येक बाजार समितीत सक्तीने राबवावी, आणि आयात-निर्यातीचे निर्णय पेरणीपूर्वी जाहीर करून ते हंगामभर बदलू नयेत. ठरावाची प्रत बाजार समितीला आणि गावातल्या सोसायटीला द्यावी. संघटनेने आपल्याला थांबण्याची ताकद दिली. आता आपल्या गावच्या भावाला ती मिळवून देण्यासाठी आपण उभे राहिले पाहिजे.

कामगार-शेतकरी एकजुटीचा विजय असो!