कीरांची निष्ठा आणि विद्वानांचा वारा

एका विद्वानांनी नुकतेच फर्मावले की धनंजय कीर हे चरित्रकार नव्हेत, सोयीचे लेखक. का? तर ज्या हाताने सावरकर लिहिले त्याच हाताने आंबेडकर, फुले, गांधी आणि शाहू छत्रपतीही लिहिले. म्हणजे निष्ठा नाही. वारा येईल तशी पाठ. शिवाय पदवी नाही, नोकरी मुंबई महापालिकेच्या शिक्षण खात्यातली आणि भाषा भक्ताची. संपला खटला!

पदवीचे उत्तर सोपे आहे: पदवीधर तेव्हाही पुष्कळ होते, त्यांनी लिहायचे होते.

वाऱ्याचे मात्र नीट पाहू. सावरकरांचे इंग्रजी चरित्र आले १९५० साली. गांधीहत्येच्या खटल्यातून ते निर्दोष सुटले फेब्रुवारी १९४९ मध्ये, आणि एप्रिल १९५० मध्ये सरकारने त्यांना पुन्हा स्थानबद्ध केले. असल्या हवेत त्यांचे चरित्र काढणे ही सोय असेल, तर गैरसोय कशाला म्हणतात हे विद्वानांनी एकदा सांगावे. आंबेडकरांचे चरित्र १९५४ चे. मंत्रिपद सुटलेले, १९५२ ला मुंबईत पराभव, १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही पराभव. सर्वपक्षीय हारांची रांग तेव्हा लागत नव्हती. आणि सोयच पाहायची तर काँग्रेसच्या राज्यात माणसाने आधी गांधी लिहायला घेतले असते! कीरांचे गांधीचरित्र आले १९७३ ला. पद्मभूषण १९७१ लाच मिळून गेले होते.

खरे दुखणे निराळे आहे. ‘आमच्या माणसाचे चरित्र आमच्याच माणसाने लिहावे’ हा आपल्याकडचा जुना हट्ट. मागे एका परिसंवादात त्यावरून दोन तट पडले. एकमेकांची पुस्तके दोघांनीही वाचली नव्हती, पण भांडण छान रंगले.

भाषा भक्ताची, हे खरे. विशेषणे वाटताना कीरांचा हात सैल सुटतो. पण सावरकर आणि आंबेडकर ही दोन्ही चरित्रे नायक हयात असताना छापली गेली. चूक काढायला ते स्वतः हजर होते, आणि दोघेही चूक सोडून देणाऱ्यांपैकी नव्हते. एवढी जोखीम पुष्कळ झाली.

विद्वानांना एकच विनंती. १९३२ चा पुणे करार कीरांच्या आंबेडकरांत आहे आणि गांधींतही. दोन्ही ठिकाणची पाने शेजारी ठेवून वाचावीत, मग निष्ठेचे बोलू.