माउथवॉशची बाटली, गाईचे सड आणि डाळिंबाची कात्री



सध्या ग्रुपवर एक यादी फिरतेय. जंतुनाशक माउथवॉशचे घरगुती उपयोग. संडास साफ होतो, कोंडा जातो, डास पळतात, अशी सुरुवात. शेवटी कुणीतरी आपल्या शेतकऱ्यांसाठी शेपूट जोडलंय : पंपात टाका, मावा आणि बुरशी जाते, धार काढल्यावर सडांना लावा, दगडी होत नाही, छाटणीची कात्री त्यात बुडवा. चार-पाच जणांनी विचारलं, "दादा, खरं का हे?" म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जिथं चुकलं तरी काही बिघडत नाही तिथं खुशाल वापरा. जिथं जनावर, झाड नाहीतर माणूस पणाला लागलंय, तिथं त्या कामाचंच औषध घ्या. आता कारणं.

पहिली गोष्ट, माउथवॉश म्हणजे एकच औषध नव्हे. दुकानात मुख्य तीन प्रकार दिसतात. एक तेलांच्या अर्काचं, लिस्टरीनसारखं. त्यात थायमॉल, निलगिरीच्या तेलातला युकॅलिप्टॉल, मेंथॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट. दुसरं क्लोरहेक्सिडिनचं, जे दाताचे डॉक्टर लिहून देतात. तिसरं पोव्हिडोन आयोडीनचं, गुळण्या करायचं तांबूस औषध. तिघांचं काम वेगळं, ताकद वेगळी. यादीत मात्र नुसतं "माउथवॉश" लिहिलंय. म्हणजे "फवारणीचं औषध मारा" म्हणण्यासारखं झालं. कोणतं? किती? कशावर?

आता या यादीची कल्पना अगदीच टाकाऊ आहे असंही नाही. लिस्टरीन १८७९ साली अमेरिकेत तयार झालं ते शस्त्रक्रियेच्या वेळी वापरायचं जंतुनाशक म्हणून. जोसेफ लिस्टर या इंग्रज सर्जनच्या नावावरून त्याचं नाव पडलं. तोंडाचा वास घालवायचं औषध म्हणून त्याची धडाक्यात जाहिरात झाली ती पुढं १९२० च्या दशकात. आणि त्यातला थायमॉल आपल्याला परका नाही. ओवा चोळला की जो वास येतो तो थायमॉलचाच. मधमाश्या पाळणारे लोक पेटीतल्या व्हरोआ कोळ्यावर थायमॉल वापरतात आणि तो चालतो. पण ते मोजून केलेलं, त्याच कामासाठी बनवलेलं औषध असतं. प्रमाण चुकलं तर माश्याच त्रासतात.

सगळा खेळ प्रमाणाचा आहे. आपण शेतकरी माणसं, पंपाला किती मिली हे विचारल्याशिवाय झाकण उघडत नाही. मग इथंच का विचारत नाही?

हिशोब करू. अमेरिकेतल्या मूळ लिस्टरीनच्या लेबलवर थायमॉल ०.०६४ टक्के आहे. २५० मिलीच्या बाटलीत झालं १६० मिलिग्रॅम. अख्खी बाटली १५ लिटरच्या पंपात ओतली तर लिटरला ११ मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. बाटलीचे दीडशे रुपये धरा, एकरी दहा पंप धरा, दीड हजार गेले. मिळालं काय? पानाला पुदिन्याचा वास. आपल्याकडं कीटकनाशक कायदा १९६८ सालचा आहे. कोणतं औषध कोणत्या पिकावर, कोणत्या किडीला, किती मात्रेत, हे नोंदणी होऊन लेबलवर यावं लागतं. माउथवॉशच्या लेबलवर पिकाचं नाव नाही. द्राक्ष-डाळिंबवाल्यांना लेबल क्लेम म्हणजे काय हे मी सांगायला नको.

आता कात्रीचं. हे मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. डाळिंबावरचा तेल्या हा जिवाणूचा रोग. रोगट फांदी कापली आणि तीच कात्री पुढच्या झाडाला लावली की रोग आपण स्वतःच्या हातानं वाहून नेतो. म्हणून सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात कात्री बुडवत पुढं जायचं असतं. अल्कोहोल वापरायचं तर ७० टक्क्यांच्या आसपास लागतं. हाताच्या सॅनिटायझरला सुद्धा किमान ६० टक्के सांगतात. मूळ लिस्टरीनमध्ये ते २६.९ टक्के, आणि बाजारातल्या बऱ्याच बाटल्यांत अजिबात नसतं. कात्रीला वास छान येईल, पण निर्जंतुक झाली हा भरवसा धरता येत नाही. त्या भरवशावर बाग धोक्यात घालायची का?

गाईच्या सडांचं थोडं बारकाईनं बघू, कारण इथं अर्धं खरं आहे. आयोडीन आणि क्लोरहेक्सिडिन, दोन्ही सड बुडवायच्या औषधात असतात. लोक म्हणतात मग फरक काय? फरक असा. गुळण्यांच्या औषधावर २ टक्के पोव्हिडोन आयोडीन लिहिलेलं असतं, पण त्यात उपलब्ध आयोडीन साधारण दहावा भाग, म्हणजे ०.२ टक्के. सड बुडवायच्या औषधात ते बहुधा ०.५ ते १ टक्का असतं. शिवाय त्यात ग्लिसरीनसारखं काहीतरी घातलेलं असतं, कातडी मऊ राहावी म्हणून. अल्कोहोलवालं माउथवॉश रोज दोन वेळा लावलं तर कातडी कोरडी पडून भेगा पडू शकतात, आणि भेगेत जंतू बसतात. दगडी टाळायला जायचं आणि तिलाच दार उघडून द्यायचं.

त्यापेक्षा एक फुकटातला उपाय सांगतो. धार काढल्यावर सडाचं तोंड लगेच मिटत नाही, अर्धा तास तरी धरून चला. तेवढा वेळ गाय शेणात बसू द्यायची नाही. धार झाली, सड औषधात बुडवले की पुढ्यात वैरण टाका, ती उभी राहते. सडाचं औषध कोणतं घ्यायचं ते जनावरांच्या डॉक्टरांना विचारा.

कुत्र्याच्या गोचिडांवर माउथवॉश चोळा, असंही त्या यादीत आहे. हे अजिबात करू नका. काही माउथवॉशमध्ये गोडीसाठी झायलिटॉल असतं. कुत्रं अंग चाटतं, आणि झायलिटॉल कुत्र्याला विष आहे, रक्तातली साखर एकदम खाली जाते. राखणीचं कुत्रं असं घालवायचं का?

विळा-कुदळ लागली तर जखमेवर माउथवॉश नको. वाहत्या पाण्यानं आणि साबणानं जखम चांगली धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा. धनुर्वाताचे बीजाणू मातीत, शेणात असतात आणि ते अल्कोहोलनं मरत नाहीत. माउथवॉश लावलंय या समाधानात दवाखाना लांबला, तर ते महागात पडेल.

डासांचं म्हणाल तर वास थोडा वेळ टिकतो आणि उडून जातो. डेंग्यूचा डास साठवलेल्या पाण्यात वाढतो. आठवड्याला एक कोरडा दिवस पाळा, टाक्या-रांजण रिकामे करून घासा. त्याला बाटली लागत नाही.

मग चालतं कुठं? मुदत संपलेली बाटली पडून असेल तर बेसिनमध्ये ओता, घासा. कचऱ्याच्या डब्याचा वास घालवायला फडक्यावर घ्या. टूथब्रश थोडा वेळ बुडवून ठेवा, मग पाण्यानं धुवा. एवढंच. यासाठी नवी बाटली आणायची गरज नाही, त्या पैशात साबण आणि ब्लीचिंग पावडर दोन्ही येतील. फक्त ब्लीचिंगमध्ये माउथवॉश किंवा दुसरं काही मिसळू नका.

अशा दाव्यांचं पुढं काय होतं त्याचंही उदाहरण आहे. लिस्टरीननं सर्दी आणि घशाचा त्रास टळतो अशी जाहिरात १९२१ पासून चालली होती. १९७५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं निकाल दिला की टळत नाही, आणि कंपनीला जवळपास १ कोटी डॉलरच्या जाहिरातीत तसं छापायला लावलं. तिथं निदान कंपनी होती, तिला विचारता आलं. ग्रुपवरच्या यादीला मालकच नाही. झाड वाळलं, गाय आटली तर जाब कुणाला विचारणार?

शेवटची आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट. माउथवॉशच्या बाटलीचं टोपण मापाचं असतं, त्यामुळं रिकामी बाटली आणि टोपण फवारणीच्या सामानात जातं. औषध मोजायला सोयीचं पडतं ना. कुणी उरलेलं कीटकनाशकही त्यात भरून ठेवतं. हिरवं-निळं पाणी, ओळखीची बाटली, फळीवर ठेवलेली. घरातलं पोर किंवा म्हातारं माणूस सवयीनं तोंडाला लावणार. रिकामी बाटली चेपून, टोपण मोडून टाकून द्या. औषध मोजायला वेगळं माप ठेवा, त्यावर लाल खूण करा, आणि ते शेतातल्या खोलीत कुलपात राहू द्या. कीटकनाशक ज्या डब्यात आलं त्याच डब्यात ठेवा.

एवढं एक काम आज संध्याकाळी घरी जाऊन करा. फळीवर, गोठ्यात, मोटरच्या खोलीत बघा. अशी बाटली सापडली तर खाली कमेंटमध्ये लिहा, म्हणजे दुसऱ्यालाही आठवण होईल. आणि ती यादी पुन्हा ग्रुपवर आली तर ही नोंद तिच्याखाली टाका.