भाषा बदलली की डोकं बदलतं का?

मागच्या महिन्यात हॉस्टेलच्या मेसमध्ये आमचा चांगलाच वाद झाला. मी हैदराबादला राज्यशास्त्र शिकते, गाव भालकी तालुक्यात. वरंगलची रूममेट म्हणाली, "शेवटी सगळ्या भाषा सारख्याच. अर्थ पोचला की झालं. मराठी शाळेसाठी एवढी धडपड कशाला?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. कारण गावाकडच्या बैठकांत मी नेमकं उलटं ऐकत मोठी झाले: "भाषा गेली की माणसाचा विचारच जातो."

मला वाटतं, दोन्ही बोलणी अर्धी खरी आहेत. आणि यातलं अर्धं खोटं कुठलं, हे आपल्याला कळलं पाहिजे. नाहीतर आपण आपली मागणी चुकीच्या पायावर उभी करतो.

आधी रूममेटची बाजू. हैदराबादचा ऑटोवाला म्हणतो, "तुम आते बोलके मैं रुका." आपण म्हणतो, "तू येतोस म्हणून थांबलो." तेलुगूत 'वस्तावनि', कन्नडमध्ये 'बर्तीया अंत'. बोलके, म्हणून, अनि, अंत हे चारही 'म्हणणे' या अर्थाच्या क्रियापदांतून आलेत, आणि चारही भाषा त्यांनीच कारण सांगतात. दोन भाषा आर्य कुळातल्या, दोन द्राविडी. तरी वाक्याची बांधणी एकच! दख्खनीतलं 'नक्को' तर आपलंच 'नको'.

सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडवर गम्पर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी १९७१ मध्ये एक निबंध लिहिला. तिथं कन्नड, उर्दू आणि मराठी बोलणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिली. प्रत्येकानं आपापले शब्द जपले, पण व्याकरण इतकं जवळ आलं की एका भाषेतलं वाक्य जवळजवळ शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येत होतं.

हे झालं शेजारामुळं. पण ज्यांचा कधी संबंधच आला नाही, अशा भाषांतही साम्य सापडतं. जोसेफ ग्रीनबर्गनं १९६३ मध्ये जगभरातल्या ३० भाषा तपासून ४५ समान नियम मांडले. त्यातला एक असा: क्रियापद शेवटी येणाऱ्या भाषांत 'आत', 'वर' असे शब्द बहुतेक वेळा नामाच्या मागून येतात. घरात, मनेयल्ली, इंट्लो. जपानीतही तसंच.

मग गावातल्या म्हाताऱ्यांचं काय? त्यांचंही सगळंच चूक नाही. मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' वेगळे. तेलुगूतही 'मनम' आणि 'मेमु' वेगळे. हिंदीत मात्र 'हम' एकच, प्रमाण कन्नडमध्ये 'नावु' एकच. म्हणजे मराठी माणसाला तोंड उघडतानाच ठरवावं लागतं, समोरच्याला आपल्यात धरायचं की नाही. ऑस्ट्रेलियातल्या गूगू यिमिथिर भाषेत डावं-उजवं म्हणत नाहीत, पूर्व-पश्चिम म्हणतात. त्यामुळं बोलणाऱ्याला दिशांचं भान कायम ठेवावं लागतं. भाषा लक्ष कुठं द्यायचं याची सवय लावते, ती अशी.

पण सवय म्हणजे पिंजरा नव्हे. हिंदीत 'काल' आणि 'उद्या' दोन्हीला 'कल'च म्हणतात. म्हणून हिंदीवाल्यांची परीक्षेची तारीख चुकते का? रोमान याकोब्सन या भाषाशास्त्रज्ञाचं म्हणणं मला पटतं: भाषा-भाषांत फरक असतो तो काय सांगावंच लागतं यात, काय सांगता येतं यात नाही.

म्हणून "कन्नड शिकली की पोरांचं डोकं बदलेल" ही भीती आपण सोडून द्यावी. माझी आई बाजारात कन्नडमधून भाव करते, घरी येऊन मराठीत हिशेब सांगते. तिचं डोकं जागेवर आहे.

पण रूममेटचं "सारख्याच" हे भाषांबद्दल खरं आहे, सहा वर्षांच्या लेकराबद्दल नाही. आमच्या गल्लीतला एक पोरगा पहिलीत वर्षभर गप्प बसला. बाईंची भाषाच त्याला कळत नव्हती. घरी मात्र त्याचं तोंड बंद होत नव्हतं. सगळ्यांनी त्याला 'ढ' ठरवलं. त्या पोराचा विचार गेला नव्हता, वर्ष गेलं होतं.

१ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य फुटलं. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेलंगणा आंध्रात, आपली भालकी म्हैसूरमध्ये. त्याच दिवशी सातवी घटनादुरुस्ती लागू झाली आणि राज्यघटनेत अनुच्छेद ३५०क आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं, यासाठी राज्यानं पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न करावा, असं तो सांगतो. 'प्रयत्न' हा शब्द ढिला आहे, हे मान्य. पण मराठी मन वेगळं असतं म्हणून हा हक्क दिलेला नाही. लेकराला कळेल त्या भाषेत शिकता यावं, एवढंच त्याचं कारण. आणि तेवढं पुरेसं आहे.

हे कारण धरलं की एक गोष्ट टाळता येत नाही. अक्कलकोट आणि जतमधल्या कन्नड लेकरांचाही हाच हक्क आहे, आणि तो महाराष्ट्रानं सांभाळायचा आहे. तिकडं कन्नड शाळेला शिक्षक मिळाला नाही तर आपण गप्प बसायचं आणि इकडं मराठी शाळेसाठी मोर्चा काढायचा, हे चालणार नाही.

मोर्चात आपण 'आम्ही' म्हणतो. शाळेचा विषय निघाला की त्या लेकरांना धरून 'आपण' म्हणू या. आपल्या भाषेत त्यासाठी वेगळा शब्द आहेच.