आधी क्रम्बल, मग केक

घरात ओव्हन आला की पहिला मान केकला मिळतो, आणि बऱ्याच घरांत तो शेवटचाही ठरतो. केक मधोमध बसतो, कडेला करपतो, आत कच्चा राहतो. मग ओव्हनमध्ये डबे ठेवले जातात. यात करणाऱ्याचा दोष कमी, निवडीचा जास्त. केकमध्ये हवा धरून ठेवायची असते, म्हणून बेकिंग पावडर, ओलावा, तापमान यांपैकी एक जरी चुकले तरी सगळे बिनसते. फळांच्या फोडींवर पिठाचा चुरा पसरून भाजलेल्या क्रम्बलमध्ये फुगायचे काहीच नसते, त्यामुळे बसायचेही काही नसते. नवशिक्यांनी सुरुवात इथून करावी, तीही बाजारात नवी सफरचंदे असतात आणि ऑक्टोबरचा उकाडा सरून संध्याकाळी ओव्हनची ऊब सोसवते तेव्हा.

क्रम्बल हा ब्रिटिश घरांतला पदार्थ. तिथे ८ जानेवारी १९४० रोजी लोणी आणि साखर रेशनवर गेली. रेशनिंग पुरते उठायला जुलै १९५४ उजाडले. फळांचा पाय (pie) करायचा तर लोणी जास्त लागते आणि पारी लाटावी लागते. क्रम्बलला दोन्हींत सवलत, म्हणूनच टंचाईच्या त्या वर्षांत तो घरोघरी रुजला असे मानले जाते. प्रमाण साधे आहे: वजनाने दोन भाग मैदा, एक भाग लोणी, एक भाग साखर. पाऊण किलो सफरचंदांना २०० ग्रॅम मैदा पुरतो. लोणी पिठात बोटांनी चोळायचे आणि पाण्याचा थेंबही घालायचा नाही. पाणी नसले की पिठाला चिवटपणा येत नाही, चुरा खुसखुशीत राहतो. शंकरपाळ्यांच्या पिठाला मोहन चोळणाऱ्या हातांना हे नव्याने शिकवावे लागत नाही. मूठ वळली पाहिजे, ही परीक्षाही तीच. फरक एवढाच, की मोहन कडकडीत असते आणि इथे लोणी थंड हवे. मग १८० अंशांवर चाळीसेक मिनिटे. कडेने रस खदखदू लागला की झाले. पाच मिनिटे इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही.

मैदा, लोणी, साखर म्हटले की भुवया उंचावणार, आणि ते रास्तच आहे; हे गोडच आहे, पथ्याचे खाणे नव्हे. पण केकला जड करणारी कणीक इथे बिनतक्रार चालते, कारण पिठाने फुगावे अशी अपेक्षाच नाही. फळात तर साखर घालूच नये. ब्रिटनमधले ब्रॅम्ली सफरचंद इतके आंबट असते, की तिथल्या कृतींत फळावरही साखर पडते. आपल्याकडे काश्मीर-हिमाचलातून येणारे डेलिशस मुळात गोड. त्याला उलट लिंबू पिळावे लागते. तिथली कृती जशीच्या तशी उतरवली तर पदार्थ मिट्ट गोड होतो आणि खापर क्रम्बलवर फुटते. वीज किती जळेल? १५०० वॅटचा ओव्हन चाळीस मिनिटांत फार तर एक युनिट घेतो. चांगले फळ शिजवून कशाला नासवायचे, हा आक्षेप मात्र मान्य. करकरीत सफरचंद कच्चेच खावे. टोपलीच्या तळाशी मऊ पडलेली, सुरकुतलेली असतात, ती क्रम्बलला घ्यावीत. बिया काढलेला पेरूही चालेल. हंगाम असला तरी सीताफळ तेवढे टाळा, तापवले की ते कडवट होते.