शेतकऱ्याची आजारपणाची रजा

सरकारी नोकरास आजारपणाची रजा असते. शेतकऱ्यास ती नसते. ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे कीं, तिच्याकडे कोणी तक्रार म्हणूनहि पहात नाहीं. पाऊस, बाजारभाव, बियाणें, वीज ह्यांविषयीं आपल्या मासिकांतून वारंवार लिहिलें जातें, व तें योग्यच आहे. परंतु ज्या पाठीवर ही सगळी शेती उभी असते ती पाठ एकदां शल्यविशारदाच्या सुरीखालून गेली म्हणजे पुढील चार-सहा महिने तिचें व शेतीचें काय होतें, ह्याविषयीं दोन शब्द लिहिण्याची परवानगी मी वाचकांपाशीं मागतों. मी वैद्य नव्हें. मराठी शाळेंत शिकून महसूल खात्यांत कारकुनी केलेला मनुष्य आहें. मात्र कमरेच्या मणक्यांत स्क्रू व सळया घालून घेऊन सीताबर्डीवरील माझ्या बिऱ्हाडीं जे महिने मीं काढले, त्यांनीं ह्या बाबतींत थोडेंफार बोलण्याचा अधिकार मला दिला आहे, असें मी समजतों.

पाठीच्या शस्त्रक्रिया सगळ्या एक नव्हेत, हें आधीं ध्यानांत घेतलें पाहिजे. दोन मणक्यांमधील गादी सरकली म्हणजे पायाकडे जाणाऱ्या नसेवर दाब येतो व कमरेपासून पोटरीपर्यंत कळ जाते. ह्या दुखण्याचें मूळ सरकलेल्या गादींत आहे, असें अमेरिकेंतील बोस्टन येथील मिक्स्टर व बार ह्या शल्यविशारदांनीं १९३४ सालीं दाखवून दिलें, आणि पुढें ही शस्त्रक्रिया जगभर रूढ झाली. नुसता सरकलेला तुकडा काढला असेल तर पुष्कळ रोगी चार-सहा आठवड्यांत हलक्या कामास लागतात. मणके एकमेकांशीं जोडले असतील तर प्रकार निराळा. तेथें घातलेले स्क्रू म्हणजे जोड नव्हे. ते जोडास दिलेले टेकू होत. खरा जोड हाडानें हाडाशीं धरावयाचा असतो, आणि त्यास तीन ते सहा महिने, कधीं वर्षहि लागतें.

संत्र्याचा ज्यांस अनुभव आहे त्यांस हें अधिक समजावून सांगणें नको. जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधल्यावर आपण त्यास रोज हलवून पहात नाहीं. पट्टी घट्ट ठेवतों, धक्का लागूं देत नाहीं. पण म्हणून खुंटाचें पाणी कांहीं तोडीत नाहीं. येथेंहि तसेंच आहे. वांकणें, कंबर पिळणें व वजन उचलणें हे धक्के, आणि चालणें हें पाणी. पूर्वीं अशा रोग्यास आठवडेच्या आठवडे निजवून ठेवीत. आतां बहुधा एक-दोन दिवसांतच उभें करितात, आणि घरीं आल्यावर रोज थोडें थोडें चालणें वाढवावयास सांगतात. मी आरंभीं गच्चीवर, मग मेन रोडवर दुकानें उघडण्यापूर्वीं, व पुढें महाराजबागेंत चालत असें. ती बाग आपल्या १९०६ सालच्या कृषि महाविद्यालयाची. झाडें पहातां पहातां दोन फेऱ्या केव्हां होत तें कळत नसे. अंथरूण धरून बसलेला रोगी आणि दहाव्या दिवशीं बैलगाडी जुंपणारा रोगी, दोघेहि सारखेच चुकतात.

खर्र्याविषयीं एक शब्द. तंबाखूंतील निकोटिनानें हाडाचा जोड धरण्यास अडथळा होतो, हें डॉक्टर लोक आवर्जून सांगतात. आमच्याकडे मात्र रोग्यास भेटावयास येणारा मनुष्य मोसंबीं नाहीं आणलीं तरी खर्र्याची पुडी घेऊन येतो! त्यास दारांतूनच परत लावावें. पाठ चोळून देणाऱ्यांसहि तसेंच.

घरीं आल्यावर अडचण होते ती आपल्या घरांच्या घडणीची. आपलें जेवण जमिनीवर, निजणें जमिनीवर, शौचकूप उकिडवें बसण्याचें, पाण्याचा नळ गुडघ्याएवढा. ह्यांपैकीं प्रत्येक ठिकाणीं कंबर मोडून वांकावें लागतें. गुडघ्याइतक्या उंचीचा पलंग, हात असलेली खुर्ची, शौचास उंच बैठक आणि स्नानास एक स्टूल, एवढी तयारी रोगी घरीं येण्यापूर्वींच व्हावयास पाहिजे. उठतांना सरळ न उठतां ओंडक्यासारखें सबंध अंग कुशीवर वळवावें, पाय खालीं सोडावे, मग हातांच्या आधारानें उठावें. जखमेंतून स्राव येऊं लागला, ताप आला, पोटरी सुजली, पायांतील शक्ति कमी झाली, किंवा लघवी-शौचावरील ताबा गेला अथवा जांघेकडील भाग बधिर झाला, तर मात्र सकाळची वाट न पहातां रुग्णालय गांठावें.

हीच शस्त्रक्रिया घरच्या बाईची झाली म्हणजे काय होतें, तेंहि पहावें. पुरुष खाटेवर असला तर त्यास निदान ताट हातांत मिळतें. बाईस घरीं आणल्यावर तिसऱ्या आठवड्यांत तिच्या हातीं झाडू दिसतो. भरलेली कळशी वजन आहे असें कोणास वाटतच नाहीं. पोतें मात्र वजन! आणि नवरा आजारी असला तर घर, गुरें व शेत हीं तिन्हीं तिच्याच पाठीवर येतात, म्हणजे पुढच्या रोग्याची तयारी तेथेंच सुरू होते.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळतों. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ प्रमाणें सरकारी नोकराच्या खातीं वर्षास ३० दिवस अर्जित रजा व २० दिवस अर्धवेतनी रजा जमा होते. वैद्यकीय दाखला जोडल्यास अर्धवेतनी रजेचे दिवस निम्मे करून त्या पूर्ण पगारावर घेतां येतात. मीं तेंच केलें. अर्ज दिला, दाखला जोडला, पगार बँकेंत येत राहिला. टेबलावरचीं प्रकरणें दुसऱ्यानें पाहिलीं. एकहि सातबारा माझ्यावांचून अडून राहिला नाहीं. त्याच सुमारास आमच्या गांवच्या एका काश्तकाराची तशीच शस्त्रक्रिया झाली. पांच एकर कपाशी-तुरीचा धनी. घरांत म्हातारी आई, बायको व शाळेंत जाणारीं दोन मुलें. शस्त्रक्रिया वैशाखांत झाली आणि पाठोपाठ मृग लागला. शेजाऱ्यांच्या तिफणी चालूं लागल्या तसा ह्याचा जीव खाटेवर राहीना. सातव्या आठवड्यांत त्यानें खताचीं पोतीं उतरविलीं. युरियाचें पोतें ४५ किलोचें असतें. पुढें फवारणीस पाठीवर घेतलेला १६ लिटरचा पंप भरल्यावर वीस किलोंच्या घरांत जातो. स्क्रू ढिला झाला, दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागली, आणि तें साल तर गेलेंच, पुढचेंहि गेलें.

त्यास अडाणी म्हणणारे पुष्कळ निघाले. मला तें मान्य नाहीं. डॉक्टरांनीं सांगितलेलें सर्व त्यास पाठ होतें. आणि पेरणी हुकली म्हणजे वर्ष हुकतें, हेंहि त्यास पाठ होतें. दोन्हीं खरीं असतां त्यानें कशाचें ऐकावें?

ह्यावर बाबा आमट्यांचें उदाहरण हटकून दिलें जातें: पाठीच्या कण्याचा एवढा विकार असूनहि ते देशभर हिंडले, मग तूं चार एकरांत कां हिंडूं नयेस? हें उदाहरण देणाऱ्यांनीं तें नीट पाहिलेलें नसतें. बाबा आपल्याकडचेच, १९१४ सालीं हिंगणघाटास जमीनदार घराण्यांत जन्मले, नागपुरास कायदा शिकले, आणि १९४९ सालीं वरोऱ्याजवळ आनंदवन उभें केलें. कण्याच्या विकारामुळें त्यांस पुढें बसतां येईनासें झालें. उभें रहावें किंवा आडवें व्हावें, एवढेंच शक्य उरलें. १९८५ च्या डिसेंबरांत कन्याकुमारीहून भारत जोडो यात्रा निघाली तेव्हां सत्तरी ओलांडलेले बाबा गाडींत आडवे पडून प्रवास करीत होते, आणि बरोबरचे तरुण सायकली चालवीत होते. म्हणजे त्यांनीं शरीराची मर्यादा मोडली नाहीं. त्या मर्यादेभोंवतीं काम रचलें, आणि जें स्वतःच्यानें होण्याजोगें नव्हतें तें करणारे हात त्यांच्याभोंवतीं होते. आमच्या काश्तकाराजवळ धैर्य कमी नव्हतें. हात कमी होते.

सरकारनें कांहींच केलें नाहीं असें मी म्हणणार नाहीं. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेमुळें पुष्कळ शस्त्रक्रियांच्या खर्चाचा भार उतरतो. गोपीनाथ मुंड्यांच्या नांवच्या शेतकरी अपघात योजनेंत अपघाती मृत्यूबद्दल २ लक्ष रुपये व एक हात किंवा पाय कायमचा निकामी झाल्यास १ लक्ष रुपये देतात. म्हणजे शेतकऱ्याचें मरण आणि कायमचें अपंगत्व ह्यांस सरकारी फॉर्मांत रकाना आहे. तो बरा होत असतांनाच्या सहा महिन्यांस रकाना नाहीं. ह्या महिन्यांसाठीं कांहीं अनुदान मिळावें, ही मागणी आपल्या मंडळानें अवश्य करावी. पण अशा मागणीची फाईल किती टेबलांवरून जाते तें मला ठाऊक आहे, आणि मृग फाईलसाठीं थांबत नाहीं.

म्हणून जुना उपाय पुन्हां हातीं घ्यावा असें मला वाटतें. कोणी त्यास सावड म्हणतात, कोणी इर्जिक. ज्याच्या घरीं अशी शस्त्रक्रिया झाली त्याची पेरणी, डवरणी व फवारणी गांवांतील दहा-बारा घरांनीं एकेक दिवस देऊन उरकून द्यावी. हें दान नव्हे. बरा झाल्यावर त्यानें तितके दिवस परत फेडावे, स्वतःच्या अंगानें जमत नसेल तर बैलजोडीनें किंवा ट्रॅक्टरनें. ज्यांची शस्त्रक्रिया तांतडीची नसेल त्यांनीं डॉक्टरांस विचारून ती तूर घरांत आल्यावर, माघाच्या सुमारास करवून घ्यावी, म्हणजे मृगापर्यंत चार महिने सहज मिळतात व शेजाऱ्यांवरील बोजाहि हलका होतो. लघवीचा ताबा जाऊं लागलेल्या रोग्यास अर्थात् मुहूर्त पाहण्याची मोकळीक नाहीं.

ह्यांत लबाडी होईल, अशी शंका कोणी काढील. मीं तीस वर्षें लोकांचे अर्ज तपासले आहेत. लबाडी कागदांत चालते; ज्याच्या आंगणांतून रोज जाणें-येणें आहे त्या शेजाऱ्यापुढें ती आठ दिवसहि चालत नाहीं. दुसरी शंका अशी कीं, आतां मजूरच मिळत नाहींत, तेथें इर्जिक कोठून येणार? मजूर मिळत नाहींत म्हणूनच ती हवी. मिळते तर पैसे टाकून काम झालें असतें.

ह्यासाठीं शंभर पानांची एक साधी वही पुरे. नांव, शस्त्रक्रियेची तारीख, किती महिने वजन उचलूं नये असें डॉक्टरांनीं लिहून दिलें आहे तें, आणि कोणाकडून किती दिवस यावयाचे, असे चार रकाने ओढावे. पांचवा रकाना बायकांच्या कामाचा असावा: पाणी, गुरें, स्वयंपाक. शाखांनीं हा विषय अक्षय्यतृतीयेच्या सुमारास होणाऱ्या बैठकींत घ्यावा. मृगास त्या वेळीं चार-सहा आठवडेच उरलेले असतात.