बदलीवर आलेली साल

माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ साली सुरू झालेल्या दर बुधवारच्या नोव्हेना-प्रार्थनेमुळे बुधवार हा आमच्या बेकरीच्या गल्ल्याच्या दृष्टीने आठवड्यातील सर्वांत दगदगीचा दिवस. आणि वैशाखातील अशाच एका बुधवारी, लिंबाला हात लावण्याची सोय बाजारभावाने ठेवली नसताना, ओल्या सालीच्या किसाऐवजी डब्यातील वाळक्या सालीची पूड तितक्याच मापाने केकात घालण्याची तजवीज प्रस्तुत लेखकाने केली. त्याच संध्याकाळी एका वयोवृद्ध ईस्ट इंडियन बाईंनी उरलेला तुकडा कागदात गुंडाळून परत आणला आणि "लिंबाचा केक म्हणून दिलास, आणि बाबा, काढा खायला घातलास!" असा निवाडा गिऱ्हाइकांदेखत देऊन टाकला. निवाडा यथार्थ होता. केकाला सुगंध म्हणून नव्हता, आणि घशाशी मात्र कडवटपणा रेंगाळत होता.

आमच्या पलीकडच्या परळ-लालबागेत गिरण्या चालू होत्या तेव्हा पहाटे दरवाज्याशी बदलीवाले उभे असत, आणि कायम कामगार गैरहजर राहिला की त्याच्या जागी त्यांतील एखाद्यास घेत. तथापि सूत कातणाऱ्या त्रासनखात्यातल्या माणसाला कोणी कापड विणणाऱ्या साचेखात्यात धाडीत नसे. वाळकी साल ही अशी बदलीवाली आहे. तिला कोणत्या खात्यात घालावयाचे, याचा विचार न करता आपण व्यवसायबंधू तिला सर्रास कामावर लावतो आणि मग तिच्या नावाने खडे फोडतो.

सालीच्या बाहेरील रंगीत पापुद्र्यात सूक्ष्म तैलग्रंथी असतात. किसणी फिरताच त्या फुटतात आणि जो दरवळ येतो तोच आपला माल. त्या तेलाचा मुख्य घटक लिमोनीन. आणि सालीखालच्या पांढऱ्या भागात व बियांत जो कडवटपणा असतो त्यातील एका द्रव्याचे नाव लिमोनिन. एक सुवासिक, दुसरे कडू, आणि भेद केवळ वेलांटीच्या ऱ्हस्व-दीर्घाचा! शुद्धलेखनाविषयी बेफिकीर असलेल्या कारागिरांनी निदान एवढे तरी ध्यानात ठेवावे. लिंबाला लिंबूपण देते ते मात्र सिट्रल, जे गवती चहाच्या पातीतही असते. ते नाजूक आहे. हवा लागली की बिघडते. म्हणून वाळलेल्या लिंबाच्या सालीत तेल काही अंशी उरले तरी लिंबू उरत नाही, आणि साध्या लोण्याच्या केकात, जेथे दुसरा कोणताच मसाला आड येत नाही, तेथे ही उणीव पहिल्या घासाला उघडी पडते. या बाबतीत आमचे मत स्पष्ट आहे: लिंबाच्या केकाला बदलीवाला नाही.

संत्र्याची गोष्ट निराळी. आपली पाकशास्त्राची इंग्रजी पुस्तके ज्या संत्र्यावर किसणी फिरवावयास सांगतात त्याची साल गराला घट्ट चिकटलेली असते. आपले नागपुरी संत्रे, ज्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन लाभले, ते सैल सालीचे. त्यावर किसणी दाबली की साल आत दबते, फाटते, आणि किसाबरोबर पांढरा भाग निघतो. हा फळाचा दोष नव्हे, हत्यार चुकले. त्या सालीला सोलावे, आतील पांढरे सुरीच्या पाठीने खरवडावे, बारीक पट्ट्या कापून सावलीत वाळवाव्यात. असे केल्यास ती बदलीवर नव्हे, कायम नोकरीवर येते. आंबिया बहाराची फळे हिवाळ्यात येतात, म्हणजे नाताळच्या केकाचा मोसम आणि सालीचा मोसम एकच. शिवाय दिवाळीच्या उटण्यासाठी संत्र्याची साल वाळवून कुटण्याची वहिवाट मराठी घरांना परकी नाही. न्हाणीघरात जिचा मान आहे तिला भटारखान्यात मज्जाव का असावा?

आता मापाचा हिशेब. ताज्या सालीत सुमारे तीन-चतुर्थांश पाणीच असते, तेव्हा एक टेबलस्पून ओल्या किसाच्या जागी एक टीस्पून, म्हणजे तिसरा हिस्सा, वाळकी साल पुरते. आम्ही समभाग घालून जी चूक केली ती अंकगणिताची होती. दुसरे असे, की हे तेल पाण्यात विरघळत नाही. स्निग्ध पदार्थात आणि मद्यात विरघळते. म्हणून साल कोरडीच मैद्यात टाकणे म्हणजे तिला मुकी करणे होय. पातळ केलेल्या कोमट लोण्यात ती अर्धा तास भिजू द्यावी. नाताळच्या केकासाठी बेदाणे-मनुकांबरोबर तिलाही रममध्ये मुरत ठेवावे. पूड करून ठेवू नये, पट्ट्या ठेवाव्यात आणि लागेल तेव्हा कुटाव्यात, कारण पुडीचा वास डब्यातच उडून जातो. माहीमची समुद्राची हवा तर मृग लागल्यापासून काहीच कोरडे राहू देत नाही. गेल्या श्रावणात आम्ही एका बरणीचे झाकण उघडले तेव्हा पट्ट्या चामड्यासारख्या वाकत होत्या आणि बुडाशी बुरशीची करडी साय आली होती. बरणी हवाबंद हवी, आणि पट्टी वाकवताच कट्कन मोडली पाहिजे. आयात फळांच्या सालीवर मेणाचा हात असतो. ती गरम पाण्याने घासून धुतल्यावाचून वापरू नये.

आमच्या दुकानी ज्या दिवशी लिंबू परवडत नाही त्या दिवशी पाटीवरून लिंबाच्या केकाचे नाव पुसले जाते. त्या बाईंच्या ऐवजी हल्ली बुधवारी त्यांची सून येते. तीही आधी पाटी वाचते, मग पिशवी उघडते.